मागच्या सीटवरची माणसं

१९७२ साल महाराष्ट्राच्या लक्षात आहे ते दुष्काळाचं म्हणून. सोलापूर जिल्ह्यात दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती, पोरं सुकडीवर वाढत होती, आणि त्याच वर्षी आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजची चेतक बाहेर पडली. फिरोदियांच्या किनेटिकची लूनासुद्धा त्याच सालातली. हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या मुलखात मध्यमवर्गाची पुढच्या तीस वर्षांची चाकं त्या एका वर्षात ठरून गेली. आमच्या घरातली भावंडं, चुलतभावंडं, आतेभावंडं या दोन गोष्टींच्या आगेमागे लहानाची मोठी झाली. म्हणून असेल, पण आम्हाला स्कूटरचा आणि पाण्याचा हिशेब सारखाच चोख ठेवायची सवय लागली.

गाडी बाजारात आली म्हणजे घरात आली, असं मात्र नव्हतं. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. आमच्या अण्णांनी नंबर लावला तेव्हा थोरला दादा पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होता. गाडी दारात आली तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. आली ती प्रिया, साताऱ्याची. बजाज आणि राज्य सरकारच्या महामंडळाने मिळून १९७५ साली काढलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात ती तयार व्हायची. दक्षिण कसब्यातल्या आमच्या वाड्यात त्या दिवशी कुणी कामावर गेलं नाही. अण्णांनी ती न चालवता हातानं ढकलत सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत नेली. हँडलला हार, पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. परत येताना कुठं पहिली किक मारली. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या आणि झोपणाऱ्या घरात तेव्हापासून एक नवा आवाज राहायला आला.

गल्लीत बाकीही गाड्या होत्या, आणि गाडीवरून माणूस ओळखू यायचा. दूधवाल्याची राजदूत. बँकेतल्या धाकट्या काकांची येझदी, म्हैसूरची. तिची किक आणि गिअर एकाच दांडीत, त्यामुळं पाहुणा माणूस ती चालूच करू शकत नसे. डॉक्टरांची बुलेट. ती सुरू करणं हा एक विधी होता. अँपिअरचा काटा बघायचा, किक हळूहळू दाबत तो मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसरची बारकी दांडी ओढून पिस्टन थोडा पुढं सरकवायचा आणि मग सगळं अंग घालून एकच किक. चुकलं तर किक उलटी फिरून नडगीवर बसे. आम्ही पोरं कट्ट्यावर बसून डॉक्टरांच्या नडगीकडं बघत असू. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मौत का कुआँ लागायचा. फळ्यांच्या विहिरीत हात सोडून मोटरसायकल फिरवणारा तो माणूस आम्हाला डॉक्टरांपेक्षा थोर वाटायचा. घरी येऊन हे बोललो आणि आजीचा मार खाल्ला.

हे सगळं आता वर येण्याचं कारण म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा. पुण्याला नोकरीला असतो. या दिवाळीत तो जर्मन बनावटीची लांब पल्ल्याची मोटरसायकल घेऊन सोलापूरला आला. किंमत वीस लाखांच्या वर. आकडा ऐकून दादा म्हणाला, "काय बे, ह्या पैशात होटगी रोडला प्लॉट आला असता की." मग मात्र तोच सगळ्यात आधी खाली बसून गाडीच्या पोटाखाली डोकावला. आम्ही सगळे साठीच्या अलीकडचे-पलीकडचे. ताई, दादा, मी, धाकटा, काकांच्या दोघी मुली. वाडा पाडून झालेल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून त्या गाडीभोवती बसलो. पोरगं एकेक कळ दाबून दाखवत होतं, आणि त्याच्या प्रत्येक कळीला आमच्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या तोंडून घरातल्या एखाद्या माणसाचं नाव निघत होतं.

गाडीच्या पुढच्या दिव्यांमध्ये एक काळा चौकोन आहे. तो रडार. त्यातून सुटलेल्या लहरी पुढच्या वाहनावर आपटून परत येतात. ते वाहन किती लांब आहे आणि किती वेगानं जातंय, हे त्यावरून कळतं. आपण वेग ठरवून द्यायचा. पुढं ट्रक आला तर गाडी आपण होऊन मागं रेंगाळते, ट्रक बाजूला झाला की पुन्हा वेग धरते. मागच्या बाजूलाही असाच एक रडार. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात कुणी घुसलं की आरशावर पिवळा दिवा लागतो. असे पुढचे-मागचे दोन्ही रडार कारखान्यातूनच बसवलेली पहिली मोटरसायकल इटलीच्या डुकाटीनं २०२० च्या अखेरीस दाखवली. बॉशची यंत्रणा होती ती. मग बाकीच्यांनीही आणली. पोरगं हे सांगत असताना ताई मध्येच म्हणाली, "म्हणजे आई."

तेवढ्या दोन शब्दांत आम्हाला सगळं कळलं, पोराला कळलं नाही. त्याला समजावून सांगावं लागलं.

आई स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसायची. नऊवारी सोडून पाचवारीत आलेली ती घरातली पहिली बाई. पण दोन्हीकडं पाय टाकून बसणं तिच्या स्वप्नातही नव्हतं. एका बाजूला बसलेल्या बाईचं तोंड डावीकडं असतं. अण्णांची नजर समोर, फार तर उजवीकडच्या एकुलत्या एका आरशात. राहिलेली डावी बाजू आणि पाठीमागचा निम्मा रस्ता हा आईचा इलाखा. डावीकडून घुसणारा सायकलवाला, गल्लीतून धावत निघालेलं पोर, मागून येणारी एसटी, हे अण्णांच्या आधी तिला दिसायचं. एरवी जगात कुठंही बायकांचं असं बसणं धोक्याचंच. आणि ते धोक्याचं होतंच, त्यात वाद नाही. पण गाडीवरच्या दोन माणसांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळं त्या गाडीला दुप्पट दिसायचं, हेही तितकंच खरं.

आणि ती बोलायची नाही. चारचौघांत नवऱ्याला "हळू चालवा" म्हणणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. तिचा उजवा हात अण्णांच्या खांद्यावर असे. बोटं रुतली की हळू. तळवा दाबला गेला की थांबा. पदर सावरायला हात सुटला की अण्णा आपोआप वेग कमी करत, हात परत आला की वाढवत. भांडण झालेलं असलं की हात खांद्याऐवजी सीटच्या मागच्या दांडीवर जाई. त्या दिवशी अण्णा सात रस्त्यावरसुद्धा बैलगाडीच्या चालीनं गाडी नेत, कारण मागून काहीच निरोप येत नसे.

दोघांच्या मध्ये एक पोर, पुढं हँडल आणि सीटच्या मधल्या जागेत दुसरं, आईच्या मांडीवर तिसरं. पाच माणसं एका स्कूटरवर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चालकामागं एकच माणूस बसवावा असं स्पष्ट लिहिलंय. सोलापूरला ते बऱ्याच उशिरा कळलं असावं. पुढं उभं राहण्याची जागा बराच काळ माझी होती. तिथं मानही होता आणि कामंही. हॉर्न वाजवायचा. वेगाचा काटा मोठ्यानं वाचायचा. चेहऱ्यावर येणारी चिलटं आपल्या तोंडावर घेऊन अण्णांचे डोळे वाचवायचे. पोराच्या गाडीला एक काच आहे, ती कळ दाबली की वर येते आणि वारा डोक्यावरून काढून देते. दादा माझ्याकडं बघून म्हणाला, "हा इलेक्ट्रिक नव्हता, टपलीवर चालायचा."

आणखी एक गंमत त्या गाडीच्या पडद्यावर होती. किती वजन बसणार ते गाडीला सांगायचं, म्हणजे ती आपले शॉकअप तसे घट्ट किंवा सैल करून घेते. त्यासाठी चार चित्रं: एकटा माणूस, एकटा आणि सामान, दोघं, दोघं आणि सामान. काकांच्या धाकटीनं चष्मा लावून चारही चित्रं नीट पाहिली आणि विचारलं, "पाच जणांचं कुठाय?"

वाट दाखवायचं काम आजीकडं. ती विजापूरकडची. अक्कलकोट, गाणगापूर या बाजूला जायचं असलं आणि आजी मागं बसलेली असली की अण्णांना कसली चिंता नसे. मैलाच्या दगडावरची अक्षरं कानडी झाली की आजीचा आवाज वाढायचा. रस्त्याकडेच्या माणसाला ती चालत्या गाडीवरून विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत गाडी पुढं गेलेली असायची. मग तीच ठरवायची, बलक्के की एडक्के. तिचा अंदाज चुकला तरी माघार नाही. "ह्या वाटेनं बी देवच हाय," असं म्हणून ती आम्हाला एखाद्या भलत्याच मठात घेऊन जाई. तिथं जेवण मिळायचं. पोराच्या गाडीवर नकाशा आहे, तो हेल्मेटमधल्या कानात बोलतो. चुकलात तर लगेच नवा रस्ता काढून देतो. हा सोयीचा प्रकार आहे हे मला मान्य. आजीची सर त्याला नाही, असलं काही मी म्हणणार नाही, कारण आजीच्या पायी आम्ही एकदा हिरोळीच्या पुढं ऐन दुपारी पाण्यावाचून तळमळलो आहोत.

दुपारचा विषय निघाला म्हणून सांगतो. पोराच्या गाडीच्या मुठी गरम होतात. कळ दाबली की विजेवर. युरोपातल्या थंडीत बोटं गारठू नयेत म्हणून. एप्रिल-मेमध्ये जिथं पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो त्या गावात ही कळ बघून आम्ही सगळे इतके हसलो, की वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. आमच्याकडं मुठी आणि सीट दोन्ही फुकट गरम व्हायचं. त्याच्यावर उपाय इथलाच: ओला केलेला टर्किश टॉवेल पिळून सीटवर घालायचा. टॉवेलांच्या गावात टॉवेलला तोटा नव्हता. गिरणीतून आलेला, काठाला दोष असलेला, सेकंडचा माल. नव्या पेठेत दुपारी उभ्या असलेल्या स्कूटरींवर रंगीत टॉवेलांची रांग लागलेली असायची.

पेट्रोल किती उरलंय हे सांगणारा काटा आमच्या गाडीला नव्हता. झाकण उघडून डोकावायचं, नाहीतर गाडी दोन्ही हातांनी धरून हलवायची आणि कान द्यायचा. अण्णा आवाजावरून सांगत, "मोहोळपर्यंत जाईल." तरीही कधी तरी मध्येच इंजिन आचके द्यायला लागे, मग सीटखालची चावी रिझर्व्हवर फिरवायची. आणि एकदम बंद पडली तर गाडी तिरपी करायची. उजव्या बाजूला इंजिन असलेल्या त्या स्कूटरला पार जमिनीपर्यंत कलवून परत उभं केलं की ती चालू व्हायची. तसं का होतं याच्यावर गल्लीत चार मतं होती. सगळे तिरपी मात्र करत. प्लग काढून वायरब्रशनं घासणं, त्यावर फुंकर मारणं, हे तर आम्हा पोरांना परवच्याआधी येत होतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून जळणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचा प्लग काळा होणारच.

त्याहून मोठं दुखणं असलं तर भवानी पेठेतले मेस्त्री. घर पद्मशाल्यांचं. पुढं गॅरेज, मागच्या खोलीत माग. पोराला पाना तेलुगूत मागायचे, आम्हाला मराठीत रागवायचे आणि आजीशी कानडीत बोलायचे. गाडी दुरून येताना ऐकूनच ते सांगत, "क्लच प्लेटी गेल्या." आवाज ओळखायचा कान त्यांना मागानंच दिला असणार, खटखटाटात एक धागा तुटला तर ज्याला ऐकू येतो, त्याला इंजिनात काय लपणार? पोराच्या गाडीला आता लॅपटॉप जोडतात. टायरमधली हवा कमी झाली तरी पडद्यावर आकडा येतो. मेस्त्री टायरला अंगठा दाबून सांगायचे. दोन्हीही बरोबर. मेस्त्रींचा नातू आता त्या धंद्यात नाही, तो एमआयडीसीत कामाला जातो. बाहेरच्यांना सोलापूर म्हटलं की चादर आठवते, पण मोटारीच्या इंजिनातले कॅमशाफ्ट करणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनीही इथलीच, १९९२ सालची. फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई अशांच्या मोटारींत इथले कॅमशाफ्ट गेले. इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडायच्या-मिटायच्या, हे त्या दांड्याचं काम. आमच्या स्कूटरला तो नव्हताच. झडपाच नाहीत, तर उघडायच्या कशाला?

आतापर्यंत जे सांगितलं ते गोड आहे. पण घरच्या माणसांनी दिलेला सगळाच सल्ला धड नव्हता. आमच्या घरात, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात, गाडी शिकवताना पहिला धडा असायचा: पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गाडी उलटते. दादाला अण्णांनी हे शिकवलं, दादानं मला, मी धाकट्याला. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, आणि गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. आमची अख्खी पिढी अर्ध्या ब्रेकवर गाडी चालवत होती. चाक अडकू नये म्हणून ब्रेक आपोआप सोडत-धरत राहणारी एबीएस ही यंत्रणा बीएमडब्ल्यूनं १९८८ मध्येच के-१०० या मोटरसायकलवर आणली होती. भारतात सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना ती सक्तीची व्हायला २०१८-१९ उजाडलं. मधल्या तीस वर्षांत वाळूवर, सांडलेल्या ऑइलवर, उसाच्या पाचटावर जे घसरले, त्यांची दुखणी घरोघर होती. पोराच्या गाडीत आता ही यंत्रणा वळणावर गाडी किती कललीय तेही मोजते आणि तेवढाच ब्रेक लावू देते. हे ऐकताना मात्र कुणी विनोद केला नाही. काकांच्या दोघी मुली तिथं होत्या.

काका अक्कलकोट रस्त्यावर पडले ते अशाच दिवेलागणीला. उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागं दिवा नाही, लाल कापड नाही, काही नाही. गळिताच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात अशा ट्रॉल्या दर मैलाला भेटतात. काका एकटेच होते. मागं काकू असती तर, असं काकू स्वतः पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिली. ते वाचले. डावा पाय आखूड झाला, येझदी विकली आणि उरलेली नोकरी सायकलरिक्षानं येऊनजाऊन केली. हेल्मेट तेव्हा कुणाच्याच घरी नव्हतं. त्यानंतर आमच्या घरात नियम झाला, दिवे लागायच्या आत सगळ्या गाड्या दारात हव्यात. नियम आजीचा, पाळायची जबाबदारी आमची.

काकांच्या थोरलीनं पोराला सरळच विचारलं, "ह्या रडारला ती ट्रॉली दिसली असती का?"

पोरगं प्रामाणिक. म्हणालं, "आत्या, चालती असती तर दिसली असती." मग त्यानं मोबाइलवर पुस्तिका काढून दाखवली. वेग धरून ठेवणारी ही यंत्रणा चालत्या वाहनांच्या मागं राहण्यासाठी आहे. उभ्या वाहनाची दखल ती घेत नाही, समोरून येणाऱ्याचीही नाही. बनवणाऱ्यांनीच तसं लिहून ठेवलंय. कारणही तसंच: रस्त्याकडेचा प्रत्येक खांब, कठडा, पाटी ही उभीच असते, तिच्यासाठी गाडी ब्रेक मारत बसली तर चालवणाराच पडेल. जर्मनीतल्या रस्त्यावर हे चालतं. आपल्याकडं उभं काय आणि चालतं काय, याचा नेम नाही. पोरगं म्हणालं, मी एक्स्प्रेसवेसारखा रस्ता असला तरच ते चालू करतो, अंधारात तर कधीच नाही. थोरलीनं मान हलवली. तिला बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही.

पुण्याचा रस्ता चौपदरी झाल्यापासून तिकडून मोटरसायकलवाल्यांचे थवे हैदराबादला जाताना सोलापुरात थांबतात. पुण्याहून अडीचशे किलोमीटर, हैदराबादला तीनशे, म्हणजे जेवायला सोयीचं गाव. भारी जाकिटं, गुडघ्याला ढाल, गाडीला अॅल्युमिनियमच्या पेट्या. हायवेच्या धाब्यावर शेंगाचटणी, कडक भाकरी खातात, फोटो काढतात आणि जातात. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मागच्या सीटवर बॅग बांधलेली असते. मला त्याचं वाईट वाटतं असं नाही. आमच्या मागच्या सीटवर जी माणसं बसली ती हौसेनं बसली नव्हती. दुसरी गाडी नव्हती आणि एसटी चुकली होती, म्हणून बसली होती.

ताईचं तर हेच म्हणणं. आमच्यात ती एकटीच जिला मागं बसायचा कायमचा कंटाळा. लूना आली आणि ताई सुटली. संगमेश्वर कॉलेजला ती लूनावर जायची. ओढणी कमरेला बांधलेली, पॅडल मारून चालू केलेली, तोंडानं कुणालाही हळू म्हणायला मागं माणूस नाही. पुढं १९८४ मध्ये किनेटिक होंडा निघाली, बटणावर चालू होणारी, बिनगिअरची. लग्नानंतर ताईनं नवऱ्याकडून दागिना न मागता ती मागितली. १९८५ ला हिरो होंडाची सीडी-१०० आली तेव्हा दादानं पेट्रोलचा हिशेब मांडून अण्णांना पटवलं, आणि आमच्या प्रियाची गाठ जिन्याखालच्या अंधाराशी पडली. गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. भोंगा थांबला तसं घरही पांगलं: कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. प्रिया एका भाजीवाल्यानं नेली. मागं लाकडी फळी बांधून त्यानं ती पुढं बरीच वर्षं चालवली. बजाजनं २००९ मध्ये स्कूटरी बंद केल्या आणि दहा वर्षांनी चेतक हे नाव विजेच्या गाडीला देऊन परत आणलं. आता आमच्या पार्किंगमध्ये ती एक उभी आहे, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, मला तुळजापूरला घेऊन चल. पासष्टी जवळ आलेली बाई, गुडघे दुखरे, आणि मागची सीट कमरेएवढी उंच. पोरगं घाबरलं, धाकटा रागावला, दादानं स्टूल आणलं. ताई गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि मागच्या चाकाकडं बोट दाखवून म्हणाली, "साडीची जाळी कुठाय रे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ पासून, लिहिलेलं आहे की मागं बसणाऱ्याला धरायला दांडी हवी, पाय ठेवायला आधार हवा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला निदान अर्धा आडोसा हवा. जर्मनीहून येवो की जपानहून, इथं विकायची तर गाडीला हे लावूनच द्यावं लागतं. नाना प्रकारचे सेन्सर असलेल्या गाडीवर एक मुकी सळ्यांची जाळी, ती केवळ साडी नेसणाऱ्या बायकांसाठी. रडारच्या कितीतरी आधी आपल्या देशानं मागच्या सीटवरच्या माणसाचा असा विचार केला होता. आणि पोरांनी काय करावं? गाडी आली की पहिल्या आठवड्यात ती जाळी काढून टाकतात. दिसायला बरी दिसत नाही म्हणे.

ताईनं मग पंजाबी ड्रेस घातला, पोराच्या मैत्रिणीचं हेल्मेट घातलं आणि स्टुलावरून दोन्हीकडं पाय टाकून बसली. हिप्परग्याचा तलाव मागं पडला, तामलवाडी गेली, घाट आला. लहानपणी याच घाटात अण्णा आम्हाला खाली उतरवायचे. आई आणि आम्ही चालत, स्कूटर एकटी कण्हत वर. थांबायचं झालं तर चाकाखाली दगड लावायचं काम धाकट्याचं. आता चढावर थांबलं की गाडीच ब्रेक धरून ठेवते. कोजागिरीला हा रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो, एरवी ट्रक आणि मोटारी. चढावर एक मोटार डावीकडून घुसली. आरशावर पिवळा दिवा लागला, आणि त्याच क्षणी पोराच्या खांद्यात पाच बोटं रुतली. घरी आल्यावर दोघांचा वाद: आधी दिवा की आधी बोटं? पोरगं म्हणतं दिवा. ताई म्हणते, "दिवा तू बघितलास तेव्हा लागला. मला ती मोटार तामलवाडीपासून दिसत होती."

संध्याकाळी पेट्या भरल्या. एकीत चादरी, दुसरीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी, आणि दादानं पडद्यावर स्वतःच्या हातानं दुसरं चित्र निवडलं, एकटा आणि सामान. निघताना पोरगं ताईच्या पाया पडलं. तिनं पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "पंढरपूरला कधी नेतोस?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, आत्या."

"एकादशीला नको, गर्दी असते. पण ड्रेस घालून मी विठोबाकडं येणार नाही. साडीतच येणार. ती जाळी टाकलीस का कुठं?"

"नाही, पुण्याला माळ्यावर पडलीय."

"मग बसवून आण की."